आपले दुकान बेकायदेशीर होते का?

॥ श्री ॥

बडोदे,
रविवार, दि. १४ जुलै २०२४

चि. मैथिली हिस अनेक आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, गुरुवारी रात्री फोनवर तू मला एक प्रश्न विचारलास आणि मी "नंतर बोलू" म्हणून फोन तुझ्या आईच्या हाती दिला. कायद्याच्या वर्गात दिल्लीच्या झेरॉक्सवाल्याचा खटला शिकवला, तो ऐकताना तुला सयाजीगंजातले आपले दुकान आठवले, आणि तू विचारलेस, "बाबा, आपलं दुकान बेकायदेशीर होतं का?" तुझ्या प्रश्नाचा मला राग आला नाही. मला उत्तर देता आले नाही, आणि ज्या दुकानावर १९८९ पासून २०२० पर्यंत आपले घर चालले, त्याविषयी मुलीने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देणे मला बरे वाटले नाही. म्हणून शुक्रवार आणि शनिवार असे दोन दिवस बसून मी त्या खटल्याची दोन्ही निकालपत्रे वाचून काढली. माझे इंग्रजी सावकाशीचे आहे, पण एकतीस वर्षे ज्या कामात गेली त्याच कामाविषयी न्यायाधीश लिहीत असल्यामुळे कुठे अडल्यासारखे झाले नाही.

दुकानाचा काउंटर तुला आठवत असेल. डाव्या हाताच्या लाकडी फळीवर प्राध्यापकांच्या फायली ओळीने लावलेल्या असत. जुलै लागला की प्राध्यापक स्वतः ग्रंथालयातली सात-आठ पुस्तके घेऊन येत. त्यांत कागदाच्या पट्ट्या घातलेल्या असत, आणि "या पट्टीपासून त्या पट्टीपर्यंत" एवढे सांगून ते तासाला निघून जात. मी त्याचा मास्टर सेट काढून फायलीत ठेवी आणि मुले वर्षभर येऊन आपापली प्रत काढून नेत. एखाद्या विषयाला बारा पुस्तके नेमलेली असत आणि प्रत्येकातले एकच प्रकरण लागत असे. खेडा, पंचमहाल, डांग अशा भागांतून वसतिगृहात राहायला आलेल्या मुलांनी एकेका प्रकरणासाठी बारा परदेशी पुस्तके विकत घ्यावीत, असे त्या प्राध्यापकांच्याही मनात कधी आले नसेल.

दिल्लीच्या खटल्यात हीच फाइल न्यायालयापुढे होती. ऑगस्ट २०१२ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस, केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेस आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशनसंस्थांनी दिल्ली विद्यापीठावर आणि दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातील रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस या दुकानावर दावा लावला. १६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी तो फेटाळला. आधार होता १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मधील एका पोटकलमाचा. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली नक्कल हा हक्कभंग नव्हे, असे ते पोटकलम सांगते. हे तू वर्गात ऐकलेच असशील. मला जी जागा थांबवून ठेवणारी वाटली ती वेगळी आहे. न्यायमूर्तींनी निकालात स्वतःच्या विद्यार्थिदशेची आठवण लिहिली आहे. त्या काळी छायाप्रत महाग आणि वेळखाऊ असल्यामुळे मुले पाळीपाळीने ग्रंथालयात बसून नेमलेल्या प्रकरणांची पानेच्या पाने हाताने उतरवून घेत असत. हाताने उतरवणे जर गुन्हा नव्हता, तर तेच काम यंत्राने केल्यावर तो गुन्हा कसा होईल, असा त्यांचा रोख आहे. हे वाक्य वाचून मी चष्मा काढून ठेवला आणि थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

पण तू वकील होणार आहेस, तेव्हा इथेच थांबू नकोस. ९ डिसेंबर २०१६ रोजी त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने, म्हणजे न्यायमूर्ती प्रदीप नंदराजोग आणि न्यायमूर्ती योगेश खन्ना यांनी, कायद्याचा अर्थ बहुतांशी तसाच ठेवला. 'शिकवण्याचा ओघ' म्हणजे केवळ वर्गातला तास नव्हे, त्यात सगळे शैक्षणिक सत्र येते, असे त्यांनी म्हटले. आणि पुस्तकाचा किती टक्के भाग घेतला याचे माप न लावता, शिकवण्यासाठी तेवढा भाग लागत होता का, हे पाहावे असे सांगितले. मात्र त्या संचांतला मजकूर खरोखर तेवढ्यासाठी लागत होता का, हा पुराव्याचा प्रश्न त्यांनी सुनावणीसाठी परत पाठवला. तो प्रश्न तडीस गेलाच नाही, कारण मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. "आता कशाचीही झेरॉक्स काढायला मोकळीक आहे" असे आपल्या लाइनीतले लोक त्या वेळी चहाच्या टपरीवर बोलत होते, आणि मीही मान हलवली होती. निकालपत्र वाचल्यावर कळले की त्यात तसे काही लिहिलेले नाही.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर असे, की डाव्या फळीवरच्या त्या फायली, आणि एखाद्या मुलाने स्वतःच्या अभ्यासासाठी नेलेली दहा-वीस पाने, यांविषयी मला मान खाली घालण्याचे कारण दिसत नाही. उरलेले अर्धे मात्र लिहायलाच हवे, कारण ते तू पाहिलेले नाहीस. तुझा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

काउंटरच्या खाली, ग्राहकाला दिसणार नाही असा, आणखी एक गठ्ठा असे. परीक्षेच्या आधी ज्यांना मागणी येई अशी अख्खी पुस्तके मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बॅक-टू-बॅक काढून, वर निळा प्लास्टिकचा कागद लावून, स्पायरल करून ठेवीत असे. एका वर्षी इथल्याच एका प्राध्यापकांचे पुस्तक त्यात होते. मुखपृष्ठाची प्रत मी काढली नव्हती, त्यामुळे वरून ते ओळखू येत नव्हते. एका संध्याकाळी ते गृहस्थ स्वतः दोन पानांची प्रत काढायला आले. त्याच वेळी एका मुलाने "काका, ते बुक द्या ना" म्हटले, आणि मी खाली वाकून ते काढून काउंटरवर ठेवले. मुलाने पहिले पान उघडले. प्राध्यापकांनी ते पाहिले, शीर्षकाच्या पानावर दोन बोटे ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "हे पुस्तक रावपुऱ्यात दुकानात मिळतं हो." मग त्यांनी आपल्या दोन पानांचे पैसे मोजून दिले आणि ते निघून गेले. पुन्हा कधी ते दुकानात आले नाहीत.

त्यांनी वर्षानुवर्षे शिकवून लिहिलेले, बाजारात मिळत असलेले आणि मुलांना परवडण्यासारख्या किमतीचे पुस्तक मी नफ्यासाठी छापल्यासारखे विकत होतो. कलम ६३ मी काल प्रथम नीट वाचले. जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगाला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून २ लाखांपर्यंत दंड त्यात सांगितला आहे, आणि व्यापारात नफ्यासाठी केलेले नसेल तरच न्यायालयाला त्याहून कमी शिक्षा देता येते. मी तर व्यापारातच होतो. त्या संध्याकाळनंतर मी तसे गठ्ठे करणे बंद केले, आणि कुणी मागितले तर दुकानाचा पत्ता सांगू लागलो. पण ते कायद्याच्या भीतीने बंद केले नव्हते, कारण कायदा मला ठाऊकच नव्हता. त्या दोन बोटांमुळे बंद केले. कारण डिसेंबरातल्या एका दुपारी आण्णांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, तशीच दोन बोटे एका पुस्तकावर ठेवलेली मी लहानपणी पाहिली होती. त्याविषयी पुढे लिहितो.

त्याआधी ज्या यंत्राने आपल्याला खाऊ घातले त्याची हकीकत तुला सांगायची आहे, कारण ती तुझ्याच विषयाची आहे. हे यंत्र शोधून काढणारा चेस्टर कार्लसन हा न्यूयॉर्कमधल्या एका कंपनीच्या पेटंट विभागात नोकरीला होता. पेटंटच्या अर्जांना नकला पुष्कळ लागत, आणि त्या मिळवण्यात वेळ आणि पैसा दोन्ही जाई. पेटंटच्या कामात पुढे जाता यावे म्हणून तो रात्रीच्या वर्गात कायदा शिकू लागला. कायद्याची पुस्तके विकत घेण्याइतके पैसे नसल्यामुळे तो सार्वजनिक ग्रंथालयात बसून ती हाताने उतरवून घेई. त्याला संधिवात होता आणि दृष्टीही अधू होती. उतरवून उतरवून हात दुखायला लागला तेव्हा, हे काम काही सेकंदांत करणारे साधन असले पाहिजे, हा विचार त्याच्या मनात पक्का झाला. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी ॲस्टोरिया भागातल्या भाड्याच्या खोलीत त्याने आणि त्याच्या मदतनिसाने गंधकाचा थर दिलेल्या जस्ताच्या पत्र्यावर पहिली प्रतिमा उमटवली. तिच्यावर त्या दिवसाची तारीख आणि ॲस्टोरिया हे नाव, एवढेच होते. पेटंट १९४२ मध्ये मिळाले. वीसाहून अधिक कंपन्यांनी त्याला परत पाठवले, आणि दुकानात वापरता येईल असे पहिले यंत्र, ते '९१४' नावाचे, बाजारात आले तेव्हा १९५९ साल उजाडले होते. त्या काळी अमेरिकेत पेटंटची मुदत मंजुरीपासून सतरा वर्षांची होती, तेव्हा त्याचे ते मूळ पेटंट त्याच वर्षी संपले.

मैथिली, ज्या यंत्रावर प्रकाशकांनी दावा लावला ते यंत्र कायद्याची पुस्तके विकत घेऊ न शकणाऱ्या, पेटंटचाच कायदा शिकणाऱ्या माणसाने जन्माला घातले आहे. तुझ्या प्रबंधात हे कुठे बसेल की नाही मला ठाऊक नाही, पण तुझ्या मनात ते असू दे. आणि जाता जाता हेही लिहितो, की 'झेरॉक्स' हा शब्द एका कंपनीचा नोंदलेला ट्रेडमार्क आहे. एकतीस वर्षे तो आपल्या पाटीवर मोठ्या लाल अक्षरांत होता आणि मराठीत तर आपण 'झेरॉक्स काढणे' असे क्रियापदच केले आहे. कोर्टाच्या कागदांत तू मात्र 'छायाप्रत' लिहीत जा.

एक विद्यार्थी मला फार आठवतो. त्याला जवळजवळ दिसत नसे. त्याची बहीण पुस्तके घेऊन येई आणि मी प्रत्येक पान १४१ टक्क्यांवर मोठे करून ए-थ्री कागदावर काढीत असे. तेवढ्यानेही भागले नाही तर त्याच प्रतीचा अर्धा भाग पुन्हा मोठा करायचा. मग एका पानाचे दोन ए-थ्री कागद होत आणि ते पिशवीत मावत नसत. तिच्याकडून मी कागदाचेच पैसे घेई. हे काम कायद्यात बसते का, असा प्रश्न तेव्हा मला पडला नव्हता. २०१२ च्या दुरुस्तीने अपंग व्यक्तींसाठी वाचता येईल अशा स्वरूपात प्रत करण्याची तरतूद कलम ५२ मध्ये आली, २०१३ मध्ये माराकेश येथे त्यासाठी आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता, हे सगळे मी काल वाचले. त्या मुलाचे पुढे काय झाले ते कळले नाही, पण ही माहिती त्याच्या बहिणीला सांगावी असे फार वाटले. कलम ५२ ला सवलतींची यादी म्हणून वाचणारे लोक तुला भेटतील. तू ते वाचशील तेव्हा प्रत्येक पोटकलमाच्या मागे अशी एकेक बहीण पिशवी घेऊन उभी आहे असे समजून वाच.

आता आण्णांविषयी लिहितो.

आण्णा दांडिया बाजारातल्या वाड्यातून रोज पायी शाळेत जात आणि शाळा सुटल्यावर मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत बसत. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल आणवून राज्यात ग्रंथालयांचे जाळे उभे केले, गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या, हे तू शाळेत शिकली आहेस. त्या ग्रंथालयातले संदर्भग्रंथ घरी नेता येत नसत, म्हणून आण्णा ते वहीत उतरवून घेत. तशा अकरा वह्या अजून माळ्यावर आहेत. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नवे चौदा नियम आले आणि इथल्या मराठी शाळांतली मुले गोंधळली, कारण घरात, रस्त्यावर आणि दुकानांच्या पाट्यांवर गुजराती, आणि पुस्तकात नवे ऱ्हस्व-दीर्घ. त्यांच्यासाठी आण्णांनी १९६४ मध्ये एक छोटे पुस्तक लिहिले. नियम महामंडळाचेच, पण उदाहरणे सगळी बडोद्याची: सुरसागर, न्यायमंदिर, कमाटी बाग, विश्वामित्रीचा पूर. १९६६ मध्ये त्यांनी २०० रुपये घेऊन प्रकाशकाला चिठ्ठी लिहून दिली, की पुस्तकाचे 'सर्व हक्क' दिले. आजीच्या दुखण्यात ते पैसे गेले.

१९७२ मध्ये आणखी चार नियम आले आणि त्यानंतर पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. डिसेंबरात ती घरी आली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. मुखपृष्ठावर आण्णांचे नाव नव्हते. 'संपादक मंडळ' असे छापले होते. त्या पानावर, जिथे नाव असायचे तिथे, आण्णांनी दोन बोटे ठेवली आणि पुष्कळ वेळ ठेवली. मग पुस्तक मिटून कपाटात ठेवले. १९८१ मध्ये ते गेले, तोपर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही.

तुझा काका म्हणतो की आण्णांनी पुस्तक नोंदवले नव्हते आणि हक्क विकले होते, तेव्हा आता बोलण्यात अर्थ नाही. यातले पहिले म्हणणे चुकीचे आहे, हे तू पहिल्याच सत्रात शिकलीस. लिहिल्या क्षणी हक्क निर्माण होतो आणि नोंदणी बंधनकारक नाही. दुसरे मात्र नीट तपासायला हवे. आज कलम १९ प्रमाणे हक्क देण्याच्या लेखात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरतात, पण हा नियम पुढच्या दुरुस्तीने आला आहे. चिठ्ठी १९६६ ची आहे. आपल्या सोयीचे म्हणून आजचे कलम मागे ओढू नकोस. ज्या दिवशी आण्णांनी सही केली त्या दिवशी कायद्यात काय लिहिले होते ते काढ आणि त्यावरच बोल. पैसे मला नकोत, हे मी तुला आधीच सांगून ठेवतो.

मला हवे आहे ते कलम ५७ मध्ये आहे. लेखकाने हक्क विकले तरीही, आपण त्या कृतीचे लेखक आहोत हे सांगण्याचा आणि तिची मोडतोड झाल्यास दाद मागण्याचा हक्क त्याच्याकडे राहतो, असे ते कलम सांगते. पूर्वी त्यात एक मेख होती. लेखक गेल्यावर वारसांना मोडतोडीविषयी बोलता येई, पण 'हे आमच्या वडिलांनी लिहिले' हा दावा मात्र करता येत नसे. २०१२ च्या दुरुस्तीने ते शब्द काढून टाकले. ज्या दुरुस्तीने त्या अधू दृष्टीच्या मुलासाठी तरतूद केली, त्याच दुरुस्तीने माझ्यासाठीही केली, हे मला शनिवारी दुपारी तीन वाजता कळले, आणि तुझ्या आईला मी झोपेतून उठवून सांगितले.

अमरनाथ सेहगल या शिल्पकाराचा निकाल तू वाचला नसशील तर आजच वाच. दिल्लीच्या विज्ञान भवनात त्यांचे मोठे ब्राँझचे भित्तिशिल्प होते. सरकारने ते पैसे देऊन करवून घेतले होते. १९७९ मध्ये ते न विचारता उखडून गोदामात टाकले आणि त्याचे तुकडे झाले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले की शिल्प विकत घेतले म्हणून शिल्पकाराचा त्याच्याशी असलेला संबंध विकत घेतला असे होत नाही. उरलेले तुकडे त्यांना परत द्यायला लावले आणि ५ लाख रुपये नुकसानभरपाई दिली. तो निकाल न्यायमूर्ती प्रदीप नंदराजोग यांचा आहे. हे नाव तू याच पत्रात वर वाचले आहेस. ज्यांनी शिल्पकाराचा हक्क इतक्या निश्चयाने उचलून धरला, तेच अकरा वर्षांनी झेरॉक्सच्या खटल्यात खंडपीठावर होते आणि विद्यार्थ्याच्या बाजूने कायद्याचा अर्थ लावत होते. फोनवर तू म्हणालीस की वर्गात दोन तट पडले आहेत, एक लेखकांच्या बाजूचा आणि एक वाचकांच्या बाजूचा, आणि प्रबंधासाठी तुला एक निवडावा लागेल. माझ्या घरात आण्णा आहेत आणि माझ्या हाताला टोनरचा वास आहे. मी कोणता तट निवडू? तू हे दोन निकाल शेजारीशेजारी ठेवून बघ. प्रबंधाचा विषय तिथेच सापडेल असे मला वाटते. निर्णय अर्थात तुझा आणि तुझ्या मार्गदर्शकांचा.

पुरावा आहे का, असे तू विचारशील, आणि विचारलेच पाहिजे. शुद्धलेखनाचे नियम कुणाच्या मालकीचे नाहीत. कल्पनेवर हक्क नसतो, मांडणीवर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद यांच्या खटल्यात सांगितले, आणि नुसते कष्ट पुरत नाहीत, थोडी तरी स्वतःची निर्मिती लागते, हे २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात सांगितले. म्हणून आण्णांच्या अकरा वह्या दाखवून काही होणार नाही. उदाहरणे दाखवावी लागतील. मागच्या मे महिन्यात मी एका दुकानातून त्या पुस्तकाची २०१९ ची आवृत्ती विकत घेतली आणि पावती जपून ठेवली आहे. दोन्ही पुस्तके मी ओळीने ताडून पाहिली. उदाहरणांची १४६ वाक्ये जशीच्या तशी आहेत. पण सर्वांत महत्त्वाचे पान ३७ वर आहे. १९६४ च्या छपाईत तिथे 'सुरसागरच्या काठी संध्याकाळी वारा सुटतो' या वाक्यात 'वारा'चा काना पडला आणि 'वार सुटतो' असे छापले गेले. शुद्धलेखनाच्याच पुस्तकातली ती चूक आण्णांना इतकी लागली, की हाती आलेल्या प्रत्येक प्रतीत त्यांनी तो काना लाल शाईने आपल्या हाताने घातला. २०१९ च्या आवृत्तीत, पान २९ वर, आजही वार सुटतो आहे. संपादक मंडळाने ते वाक्य स्वतः लिहिले असते, तर चूकही त्यांना त्यांची स्वतःची करावी लागली असती.

तर प्रकाशकाला लिहायच्या पत्राचा मसुदा तू कर, सही मी करीन, कारण वारस मी आहे. भाषा सभ्य असू दे. आज ती गादी सांभाळणारे लोक तेव्हा जन्मलेलेही नसतील, आणि नाव कुणी व का काढले ते त्यांना माहीतही नसेल. पुढच्या छपाईत मुखपृष्ठावर नाव, आणि पान २९ वर काना, या दोनच गोष्टी माग. मसुदा तुझ्या मार्गदर्शकांना दाखवूनच माझ्याकडे पाठव.

आत्या अजून म्हणते की मुलीची बी. एस्सी. वाया गेली. तिला मी सांगितले, की पेटंट एजंटची परीक्षा द्यायला विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागतेच, नुसती कायद्याची चालत नाही. तिचे समाधान झाले नाही, पण ती गप्प बसली. हैदराबादला पाऊस सुरू झाला असेल. स्वेटर आताच नको म्हणालीस, तरी आईने ठेवला आहे.

सोबत स्पीड पोस्टाने चिठ्ठीच्या आणि दोन्ही पुस्तकांतल्या पानांच्या छायाप्रती पाठवत आहे. मूळ कागद इथेच कपाटात राहतील. प्रती मी काल आपल्या जुन्या शेजाऱ्यांच्या दुकानात त्यांच्या परवानगीने स्वतः यंत्रावर उभा राहून काढल्या. चिठ्ठीचा कागद पातळ असून मागे आण्णांनी किराण्याचा हिशेब लिहिला आहे, म्हणून तो पुढे उमटू नये यासाठी मागे काळा कागद लावला. पान ३७ ची प्रत मात्र रंगीत काढली आहे, आणि न्यायालयात किंवा कुठेही देताना ती रंगीतच दे. काळ्या-पांढऱ्या प्रतीत आण्णांचा लाल काना छापील वाटतो, आणि मग मूळ छपाईत चूक होती हे दिसतच नाही.

तुझा,
बाबा